राजस्थानातून आलेली धूळ

हवेतले धूलिकण मोजणारं आमचं यंत्र जळगावात कॉलेजच्या गच्चीवर बसवलं, त्या सकाळी विभागप्रमुख सरांनी भटजी बोलावले. मी तेव्हा उपग्रहाच्या चित्रांवरून खानदेशातल्या हवेचा अभ्यास करत होते. वरून जे दिसतं ते खाली खरं ठरतं का, हे ताडून बघायला मला यंत्र हवं होतं. सरांना ते उद्घाटनासाठी हवं होतं.

"सर, यंत्र चालू आहे. धूप तरी जरा लांब ठेवा," मी म्हणाले.

"अहो मॅडम, देवाचं काम आहे. मशीनला काय कळतंय?"

मशीनला तेवढंच कळत होतं. भटजींनी हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशीच उदबत्त्यांचा जुडगा खोचला, धुपाटणं ओवाळलं. सर नव्या सफारीत फोटोसाठी पोट आत घेऊन उभे. आकडे सरसर वर चढत गेले. त्या सकाळच्या नोंदी बाद धरायच्या, हे मी सरांना त्याच दिवशी सांगितलं. ते लगेच "हो हो" म्हणाले. ऐकत नसलेला माणूस फार लवकर हो म्हणतो.

पुढे धुळ्याला परिसंवाद झाला. सरांनी पडद्यावर आलेख लावला आणि त्यातल्या एका उंच सुळक्यावर लेझरचा लाल ठिपका नाचवला. "ही राजस्थानातून आलेली धूळ! वाळवंट आपल्या दारात आलंय, मित्रांनो!" टाळ्या पडल्या. मी तारीख पाहिली. पूजेची सकाळ होती ती. त्या दिवशीचं उपग्रहाचं चित्र माझ्याच संगणकात होतं. राजस्थानापासून तापीपर्यंत आभाळ लख्ख.

मी कदाचित गप्पही बसले असते. अशी भाषणं ऐकून कान निबर झालेले असतात. पण पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या. धुळ्यातच छातीच्या विकारांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर. त्यांनी विचारलं, "माझे दम्याचे पेशंट आहेत, बरीच लहान मुलं. त्यांना बाहेर कधी पडू नका म्हणून सांगू?"

"राजस्थानकडून वारा सुटला की," सर छातीठोकपणे म्हणाले.

मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. मी उठून म्हणाले, "डॉक्टर, तसं सांगू नका. तो सुळका उदबत्तीचा आहे. यंत्राची पूजा झाली, तेव्हाचा."

सभागृहात खसखस पिकली. सर तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. "आमच्या मॅडम फार विनोदी आहेत," असं म्हणून त्यांनी पुढचं चित्र लावलं. अध्यक्षांनी समारोपात वाळवंटाबद्दल चिंता व्यक्त केली. शाल, श्रीफळ, जेवण. एकालाही मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

डॉक्टर तेवढ्या जेवणाच्या रांगेतून बाजूला आल्या. "मग माझी मुलं हिवाळ्यात का धापा टाकतात?"

मी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं. कापूस निघाल्यावर शेताशेतांत पऱ्हाट्या पेटवतात, त्या आगींचे लाल ठिपके शिरपूरपासून एरंडोलपर्यंत पसरलेले. थंडीत हवा खाली दबून राहते, धूर वर जात नाही, हेही सांगितलं. त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत डॉक्टर एकदम घरच्या अहिराणीत म्हणाल्या, "म्हंजे बठ्ठा धूर आठलाच शे!" सगळा धूर इथलाच, राजस्थानचा नव्हेच.

परतल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "चारचौघांत असं बोलतात का? विभागाची अब्रू आहे."

"मग याच आलेखावर आपल्या दोघांच्या नावानं जो शोधनिबंध जातोय, त्यातून माझं नाव काढा," मी म्हणाले.

त्यांनी ते इतक्या आनंदानं काढलं की मला हसू आलं. निबंध छापून आला, वाळवंटासकट. सरांना कुठल्याशा समितीवरही घेतलं. अशा समित्यांना अशीच माणसं लागतात.

विभाग सोडून मी आता जळगावातच, पिंप्राळ्यात घरी बसून काम करते. हिवाळ्यात आगींचे ठिपके वाढले की धुळ्याला फोन लावते. डॉक्टर आईबापांना मुलांना घरात ठेवायचा निरोप देतात. परवा त्या म्हणाल्या, दर हिवाळ्यात ऑक्सिजन लागायचा अशा एका पोराला यंदा तो लावावा लागला नाही.