मधला झोल

बाहेरच्या जगात झोल म्हणजे लफडं, फसवाफसवी. आमच्या गाळ्यात झोल म्हणजे मिलिंग मशीनच्या स्क्रूमधली ढिलाई. हँडल फिरवलं की काम बांधलेलं टेबल पुढे सरकतं. पण दिशा बदलून मागे आणायचं म्हटलं, तर हँडल थोडं नुसतंच फिरतं आणि टेबल ढिम्म हलत नाही. तो फुकट गेलेला फेरा म्हणजे झोल. बाबा तो हँडलच्या चकतीवरच्या रेघांनी मोजायचे. कुठल्याही मापावर थेट जायचे नाहीत. मापाच्या थोडं मागे जायचे, मग हळूच पुढे येऊन थांबायचे. तीस वर्षं असंच.

बाबा मूळचे जासईकडचे. पनवेलच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा गाळा आणि एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचललेलं हे मशीन, एवढ्यावर त्यांनी आमचं घर चालवलं. करंजा बंदरातल्या मासेमारीच्या होड्यांची कामं त्यांच्याकडेच यायची. मग त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. एकदा ड्रिल उतरवताना हात उडाला आणि तळहात फाटला, तेव्हा आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘त्यांना मशीन चालवू देऊ नको. पन मशीनपासून लांबही बसवू नको. खचून जातील ते.’’

दोन्ही एकदम कसं जमवायचं, याचं उत्तर मला लगेच सापडलं. मशीनला मोटारी बसवायच्या आणि कॉम्प्युटरने चालवायचं. बाबा बटण दाबतील, मशीन काम करेल. मी डिप्लोमा केलेला, इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून शहाणा झालेला. स्टेपर मोटारी मागवल्या, एक स्वस्तातला कंट्रोल बोर्ड घेतला, घरातला जुना पीसी गाळ्यात आणला. पट्ट्यांसाठी पुल्या मीच टर्न केल्या. हँडलं मात्र काढून टाकली, कारण मोटारीबरोबर ती गरगर फिरली तर कोणाच्या तरी मनगटाला बसतील. बाबांनी ती दोन्ही हँडलं मशीन पुसायच्या कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. मला वाटलं, त्यांना पटलंय.

पहिल्यांदा टेबल आपोआप सरकलं तेव्हा मी ड्रिल बसतं त्या स्पिंडलला पेन बांधून पुठ्ठ्यावर गोल काढला. तो इतका सुरेख आला की त्याचा व्हिडिओ मी ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. बाबा वाकून तो गोल बघत होते.

‘‘झोल मोजलास का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मोजला. कॉम्प्युटरला आकडा दिलाय. तो आपोआप भरून काढतो.’’

‘‘कुठं मोजलास?’’

‘‘डाव्या टोकाला. तिथे मोजायचा डायल गेज नीट बसतो.’’

‘‘येकाच जागी?’’ असं म्हणत त्यांनी पुलीकडे हात नेला. हात थरथरत होता, पट्टा फिरायला तयार होता, आणि मी ओरडलो, ‘‘बाबा, तुम्ही हात लावू नका!’’

आमच्या घरात ‘तुम्ही’तला ह कोणी उच्चारत नाही. आम्ही ‘तुमी’च म्हणतो. त्या दिवशी मी तो ह स्वच्छ उच्चारला, कस्टमरशी बोलताना उच्चारतो तसा. बाबांनी हात मागे घेतला आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. मी म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून दिलं. माझा राग नाकावर असतो आणि उतरला की मी तो विसरूनही जातो. ज्याच्यावर काढला तो विसरतोच असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्याच आठवड्यात करंजाच्या एका होडीवाल्या नाखवांचं काम आलं. इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जोडणारी कपलिंगची चकती, तिला सहा भोकं. जुनी चकती तडकली होती. मी चकती टेबलाच्या मधोमध बांधली, प्रोग्राम दिला, आणि कॉम्प्युटरने सहा भोकं मारली. बाबा स्टुलावरून बघत होते. बटण दाबायला मी त्यांना बोलावलंच नाही. तो त्यांच्यासाठीच केलेला खटाटोप होता, हेही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी नाखवा चकती घेऊन परत आले.

‘‘चार बोल्ट गेले, दोन जात नाय,’’ त्यांनी चकती टेबलावर ठेवली. ‘‘मासेमारीची बंदी उठाला आठ दिस ऱ्हायलेत. होडी पान्यात कशी घालू? बाबांनी नाय केला का हा काम?’’

‘‘मीच केलंय,’’ मी म्हणालो. त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा खाली बघत होते.

ते गेल्यावर मी सगळं पुन्हा तपासलं. प्रोग्राम बरोबर, मोटारी बरोबर, डाव्या टोकाला झोलही दिलेल्या आकड्याएवढाच. दुपारपर्यंत मी पीसीशी भांडत होतो. शेवटी माझा सगळा ताठा उतरला आणि मी स्टुलाजवळ जाऊन उभा राहिलो.

‘‘बाबा, कुठं चुकतंय ते समजत नाय.’’

ते उठले, ड्रॉवर उघडून कॉटन वेस्टमधलं हँडल काढलं आणि मशीनजवळ आले. तिथे थांबले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘‘हात लावू का?’’

तीस वर्षं हे मशीन त्यांनी चालवलं होतं. मी कसाबसा म्हणालो, ‘‘लावा ना.’’ मोटारींचा करंट बंद केला, हँडल बसवून दिलं.

त्यांनी हँडलवर नुसती बोटं ठेवली. हाताच्या थरथरीबरोबर हँडलही किंचित मागेपुढे हलायला लागलं. टेबल जागेवरच. ते हळूहळू फिरवत गेले आणि एका ठिकाणी हँडल हलायचं थांबलं.

‘‘हात हलतो तवर झोल,’’ ते म्हणाले. ‘‘अडला का स्क्रू लागला. आता रेघा मोज. हितं पाच भरतील.’’

डाव्या टोकाला पाचच भरल्या. मग थोडं उजवीकडे सहा. मधोमध आले तेव्हा हँडल कितीतरी वेळ हलत राहिलं. अकरा रेघा.

‘‘सगली कामं मधीच बांधली ना मी,’’ बाबा म्हणाले, जणू त्यांचीच चूक होती. ‘‘मधला स्क्रू खाल्ला गेला. टोकाला कोन जातो?’’

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी टेबलाच्या दोन्ही स्क्रूंचा इंच न् इंच मोजला. ते जागा सांगायचे, मी वहीत रेघा लिहायचो. कॉम्प्युटरला मी एका आकड्याऐवजी तो सगळा तक्ता दिला. नवी चकती बांधली आणि या वेळी बटण बाबांनी दाबलं. तिसऱ्या दिवशी नाखवांचा फोन आला, सहाही बोल्ट हाताने गेले.

त्यानंतर दीड वर्ष बाबा रोज गाळ्यात येत होते. कामं तेच बघायचे, बटणही तेच दाबायचे. पण दर वेळी आधी माझ्याकडे वळून विचारायचे, ‘‘हात लावू का?’’ आणि मी दर वेळी, मोठ्या प्रेमाने, ‘‘लावा ना’’ म्हणायचो. दीड वर्ष मी त्यांना त्यांच्याच मशीनची परवानगी देत राहिलो. विचारता काय, मशीन तुमचंच हाय, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. स्क्रू आणखी झिजलाय, म्हणून काल पुन्हा झोल मोजायला घेतला. हँडल बसवलं, त्यावर बोटं ठेवली. माझा हात स्थिर आहे. त्याला काहीच कळलं नाही. गाळ्यात मी एकटाच होतो.

‘‘बाबा,’’ मी म्हणालो, ‘‘तुमी लावा हात.’’

मग डायल गेज आणला.