वरच्या मजल्यावरच्या काकू आणि माझा कंगवा

दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मालवणी काकू राहतात. बेल वाजवायच्या आधीच त्या बोलायला सुरुवात करतात. माझ्या टाळूवर, भुवयांत आणि नाकाच्या कडेला लाल होऊन खपल्या धरतात, ते माझ्याआधी त्यांना दिसतं.

"तेल चोपड गो, डोक्यात उष्णता झाली हा," म्हणत त्या वाटीभर खोबरेल आणून देतात. त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र तेल बंद केलंय. औषधी शाम्पू लावून पाच मिनिटं ठेवायचा, आणि हा त्रास अधूनमधून येत राहणार, म्हणाले. मी दोघांनाही हो म्हणते. कोणाचं ऐकावं, कळत नाही.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. एका शेजारणीने आरशासमोरचा माझा कंगवा उचलला, तसा दुसरीने तिचा हात धरला. "तिचा नको गं, तुलापण होईल ना!"

मला कुठे बघावं समजेना. काकू उठल्या. त्यांनी तो कंगवा घेतला, अंबाडा सोडला आणि सगळ्यांसमोर सावकाश केस विंचरले.

बायका गेल्यावर मी विचारलं, "काकू, हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, तुम्हाला माहीत होतं ना?"

त्या दारात थांबल्या. "होणा नाय? खरां सांगतंस?" मग छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मगे मी उगाच घाबरलंय!"

त्या निश्चिंत होऊन जिना चढून गेल्या. मी दार उघडं धरून तशीच उभी राहिले.