चार बोटं कमी पडलेला हार

दसऱ्याच्या दिवशी मी माझ्या जीपचा स्टॉपर बाहेर ओढला आणि त्याला झेंडूचा हार बांधला.

ज्यांच्या घरी जुनी डिझेल गाडी नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. आमची जीप किल्लीने सुरू होते, पण किल्लीने बंद होत नाही. त्यासाठी स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक काळी मूठ आहे, तिला स्टॉपर म्हणतात. ती ओढून धरली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. सोडली की स्प्रिंगने आपोआप आत जाते. म्हणजे मूठ ओढलेलीच राहिली तर गाडी जन्मात सुरू व्हायची नाही. हे मला माहीत होतं. दहा वर्षं मी ती मूठ ओढत आलोय. त्या दिवशी झालं इतकंच की, दाराचं तोरण करून उरलेल्या फुलांचा हार आरशाच्या दांडीपासून निघाला आणि मुठीपर्यंत पोचायला चार बोटं कमी पडला. हार लांब करता येत नव्हता, मूठ करता येत होती. केली. वर गाठीपाशी आपट्याची पानं खोचली, त्यामुळे मूठ कोणाच्या नजरेला पडायचीही सोय उरली नाही.

"अहो, तिथेच कशाला बांधताय?" बायकोने हळदकुंकवाचं ताट धरून विचारलं होतं.

"शोभा येते," मी म्हणालो.

आता या गाडीविषयी. खडकीच्या एका निवृत्त गृहस्थांकडून मी ती घेतली तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. तिचं डावं दार आतून उघडत नाही; काच खाली करून हात बाहेर काढावा लागतो. पावसाळ्यात ती बाहेरच्यापेक्षा आत जास्त गळते. तरी चिखलात फोर-व्हील टाकल्यावर पायाखालून जी गुरगुर वर येते ना, ती ऐकायला मी पानशेतच्या बाजूला मुद्दाम वाईट रस्ते शोधत हिंडलेला माणूस आहे. बायको तिला 'तुमची ती' म्हणते. नातेवाईकांत यावरून एकदा गैरसमजही झाला होता.

दसऱ्यानंतर गाडी हलवायचं काही कारण पडलं नाही. कारण पडलं ते मीच काढलेल्या नोटिशीमुळे.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पद कोणालाच नको असतं, म्हणून ते माझ्याकडे आहे. पार्किंगमध्ये माझ्या जीपच्या बरोब्बर मागे तळमजल्यावरच्या बाईंची स्कूटर उभी असते. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गणिताच्या. समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखंच बघतात. त्यांची स्कूटर दोन वर्षं जागची हललेली नव्हती, आणि रिव्हर्स घेताना माझं मागचं स्टेपनीचं चाक तिला घासायचं. तसं तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून मी नियम केला. पार्किंगची फरशी नव्याने करायची होतीच, ते निमित्त धरून नोटीस लिहिली: 'जी वाहने रविवारी सकाळी अकरा वाजता स्वतःच्या इंजिनावर जागची हलणार नाहीत, ती बंद समजून भंगारात देण्यात येतील. अपवाद केला जाणार नाही.'

शेवटचं वाक्य गाळूया का, असं चेअरमननी विचारलं होतं. मी म्हणालो, नको, त्याने वजन येतं. सगळ्या सभासदांनी संमतीच्या सह्या केल्या. पहिली सही माझी. बाईंनीही केली. सही करताना त्यांनी नोटीस दोनदा वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "नियम सगळ्यांना सारखा ना?"

"अर्थातच, बाई!"

शुक्रवारी सकाळी सहज म्हणून जीपचा सेल्फ मारला. इंजिन फिरलं, घर्र घर्र घर्र, पण पकडेना. पुन्हा मारला. पुन्हा तेच. आठ-दहा वेळा झाल्यावर मी खाली उतरून बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून आत बघत राहिलो. पुरुषमाणसाने बॉनेट उघडून आत बघितलं की काहीतरी होतं, असं मला अजून वाटतं.

मग खडकीला मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री म्हणजे जन्मभर लष्कराच्या गाड्यांवर हात काळे केलेले गृहस्थ. जीपचं काम त्यांच्याशिवाय मी कोणाला करू देत नाही.

"इंजिन फिरतंय का?" त्यांनी विचारलं.

"छान फिरतंय."

"मागून धूर?"

"अजिबात नाही."

"मग डिझेल पोचत नाही, साहेब. स्टॉपर आत आहे ना?"

इथे मला राग आला. दहा वर्षं गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न! लग्न झालेल्या माणसाला बायकोचं नाव विचारावं तसा. मी बॉनेटपाशीच उभा होतो. तीन पावलं चालून आत डोकावायला काही हरकत नव्हती. पण मी जागचा न हलता म्हणालो, "अहो मिस्त्री, तेवढं कळतं मला. आत आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग डिझेलच्या नळीत एअर धरली असेल. ती काढून बघा. नाहीतर फिल्टर. तरीही नाही झाली तर पंप गेला म्हणायचं. पंप उतरवून पाठवला तर पंधरा-वीस दिवस धरा. मी सोमवारी येतो."

"सोमवारी? रविवारी अकराला ती हलायला हवी हो!"

"रविवारी माझ्या पुतणीचं लग्न आहे," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही दोन दिवस पुढे ढकला."

काय ढकला, हे त्यांनी सांगितलं नाही. लग्न ढकलता येत नव्हतं. आणि नोटीस ढकलायची तर बाईंच्या दारावरून जायला लागलं असतं.

शनिवारचा दिवस मी गाडीखाली आणि गाडीवर काढला. एअर काढायची म्हणजे फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. माझ्या बाबतीत ते डिझेल शर्टाच्या बाहीतून शिरून काखेपर्यंत आलं. नवा फिल्टर आणून बसवला. शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फ मारला. घर्र घर्र. येणारा-जाणारा सल्ला देत होता. तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला तरुण मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, सेन्सर इश्यू असेल." या गाडीत सेन्सर म्हणाल तर फक्त माझं नाक. आणि गंमत बघा, सेल्फ मारायला मी त्या दिवशी किमान चाळीस वेळा सीटवर बसलो असेन. दर वेळी हार हाताला लागत होता. दर वेळी मी तो हळूच बाजूला सारत होतो, का, तर पाकळ्या गळू नयेत.

दुपारी चारच्या सुमाराला मागे फट्फट् असा आवाज झाला. वळून बघतो तर बाईंची स्कूटर! स्वारगेटच्या बाजूचा एक मेकॅनिक त्यांनी बोलावला होता. त्याने कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला आणि तिसऱ्या किकला ती निळा धूर सोडत सुरू झाली. बाई स्वतः तिच्यावर बसल्या, पदर खोचून पार्किंगला एक फेरी मारली आणि नेमकी माझ्यापाशी आणून उभी केली.

"सेक्रेटरी, हलली. नोंद करून घ्या."

"वा, बाई! उत्तम!" मी गाडीखालून म्हणालो.

"आणि तुमची?"

"किरकोळ आहे. एअर."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि स्कूटर जागेवर लावून गेल्या. त्या 'अस्सं'ने मला रात्रभर झोपू दिलं नाही. अपवाद मागता आला असता. चेअरमन भला माणूस आहे, त्याने दिलाही असता. पण अपवाद केला जाणार नाही असं स्वतः लिहून, तो स्वतःसाठीच पहिल्यांदा मागायचा, तोही बाईंची स्कूटर उठवायला निघालेल्या माणसाने? मी निर्लज्ज आहे, पण त्यालाही मर्यादा आहे.

रविवारी साडेदहाला क्रेन आली. मीच बोलावलेली. क्रेनवाला मोठा तत्पर निघाला. आल्याआल्या त्याने जीपला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि हुक कुठे अडकवायचा ते बघून ठेवलं. गॅलऱ्यांमधून माणसं उभी होती. मी शेवटचे चार सेल्फ मारले. आता घर्रसुद्धा दमलं होतं. स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बाहेरच्यांना वाटावं डिझेलमुळे, म्हणून डोळे जरा जास्तच जोरात पुसले.

तेवढ्यात बायको खाली आली. हातात कात्री.

"सरका जरा," ती म्हणाली.

"कात्री कशाला?"

"हार काढते. पूजेचा हार तसाच भंगारात जाऊ देणार आहात की काय? 'तुमची ती' असली तरी माझ्याही हातचं कुंकू लागलंय तिला." बोलताना तिचा आवाज जरासा हलला, तसा तिने लगेच तो कडक केला. "पाय घ्या आत."

ती डाव्या बाजूने वाकली. आधी आरशाकडचा दोरा कापला. मग गाठीपाशी कात्री घातली. वाळलेला झेंडू भुरुभुरू तिच्या हातावर पडला आणि टक्क असा आवाज झाला.

"हे काय आत गेलं?" ती म्हणाली.

मी बघितलं. मूठ. काळी, गुबगुबीत, डॅशबोर्डात जिथे असायला हवी तिथे. आत.

शेजाऱ्याची बॅटरी अजून जोडलेलीच होती. किल्ली फिरवली. घर्र, घर्र, आणि मग खालून तो पहिला दणका आला, गाडी अंगभर हादरली आणि मागून काळ्या धुराचा असा लोट निघाला की क्रेनवाला खोकत मागे सरला. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. शेजाऱ्याने वायरी सोडवून बॉनेट पाडल्याबरोबर मी फोर-व्हील टाकलं, काहीएक गरज नसताना, आणि इमारतीला पहिल्या गिअरमध्ये दोन फेऱ्या मारल्या. फरशीवर! बायको शेजारच्या सीटवर निर्माल्य मांडीत घेऊन बसली होती आणि हसत होती. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. परीक्षेचा पेपर फुटलाय आणि तो आपल्यालाच मिळालाय, तसं.

थांबल्यावर मी मिस्त्रींना फोन केला. मागे सनई वाजत होती.

"उद्या येऊ नका. झाली सुरू."

"काय निघालं?"

"काही नाही. किरकोळ."

"स्टॉपर," ते सनईच्या वर आवाज काढून म्हणाले आणि फोन ठेवला.

बायकोने तोपर्यंत गॅलरीतल्या दोघांतिघांना सगळा प्रकार सांगून टाकला होता. मी थांबवलं नाही. सुटका झालेल्या माणसाला अब्रूची फार किंमत वाटत नाही. उलट त्या भरात मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं की हा नियमच चुकीचा होता, मी नोटीस मागे घेतोय, जुन्या गाड्या ज्याच्या त्याला प्रिय असतात, आणि बाईंची स्कूटर आहे तिथेच राहील. रिव्हर्स मी सांभाळून घेईन. बाई जिन्याच्या पायरीवर उभं राहून हे सगळं ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

क्रेनवाला पुढे आला. "साहेब, मग मी काय नेऊ? येरवड्याहून आलोय मी, रविवारचा."

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट तपासलं.

"त्याला रिकामं कशाला पाठवता?" त्या म्हणाल्या. "स्वतःच्या इंजिनावर न चालणारं एक उरलंय की इथे. सेक्रेटरी, बसा तुम्ही."