चौलच्या उत्सवात रेडिओची पंधरा मिनिटं

उन्हाळ्यात चौलला जायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रेवसची बोट धरा. पण आधी भरतीची वेळ विचारून घ्या. आम्ही विचारली नव्हती. आम्ही म्हणजे मुंबईच्या एका रेडिओ केंद्राचा वाद्यवृंद आणि सहा गाणाऱ्या बायका, त्यातली एक मी. १९३० नंतरची वर्षं, रेडिओ नवाच होता. चौलच्या देवळातल्या वसंतोत्सवाचं आमंत्रण आलं आणि आमचे प्रमुख साठेमास्तर कुणालाही न विचारता होकार देऊन बसले.

रेवसला ओहोटी. बोट लांबच थांबली. होडीतून उतरून गुडघाभर चिखल तुडवला. पायानं भाता मारायची जड पायपेटी चार कोळ्यांनी खांद्यावर घेतली. "बाय, यात मढं हाय का काय?" एकानं विचारलं. मला हसायचंही त्राण नव्हतं. पुढे अलिबागपर्यंत सर्व्हिस मोटार, तिथून बैलगाडी. नागावला एका घरी घावन आणि नारळाचा रस मिळाला, दिवसभरात तेवढंच सुख.

चौलला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दमट हवेनं सारंगी सुरात राहीना, म्हणून मास्तर आधी सारंगीवाल्यावर आणि मग आमच्यावर खेकसले. झावळ्यांच्या मांडवात अख्खा गाव बसलेला. गाणं रंगलं, मी अंतरा उचलला आणि मास्तरांनी हात आडवा केला. वाद्यं गप्प.

"पंधरा मिनिटं झाली," खिशातलं घड्याळ दाखवत ते म्हणाले. स्टुडिओत रोज असंच चाले, पंधरा मिनिटं झाली की गाणं तोडायचं आणि बातम्या लागायच्या. तिथे तोडलेलं गाणं ऐकून कुणाचा चेहरा पडतो ते दिसत नसे.

पुढे बसलेल्या म्हाताऱ्या कोळणीनं मला विचारलं, "पोरी, आवाज गेला का तुजा?"

"नाही, आजी."

"मंग गा की."

"नियम म्हणजे नियम," मास्तर म्हणाले.

घरात आई आणि मी, मिळवती मी एकटी. तरी सकाळपासूनचा वैताग उफाळून आला. "मास्तर, इथे आपल्यानंतर बातम्या नाहीत," मी म्हणाले आणि साथीशिवायच अंतरा पुन्हा घेतला. दुसऱ्या ओळीला पाचही जणी आल्या, मग सारंगी. गाणं संपेपर्यंत मांडवातून कुणी उठलं नाही.

मुंबईला परतलो. आठवड्याभरात माझं नाव केंद्राच्या गाणाऱ्यांच्या यादीतून गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

"काय मिळवलंस तिकडे जाऊन?" आईनं विचारलं.

शेजारच्यांच्या रेडिओवर ती मला वर्षभर ऐकत होती, गाणं दर वेळी मध्येच तुटलेलं. मी तिला समोर बसवलं आणि ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.