पिस्ता रंगाची खोली

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, कारण माझ्या सौंदर्यदृष्टीचा बोभाटा झाला असता. बायको हुणसूरला माहेरी गेली, तेवढ्यात मी आमची झोपायची खोली नवी केली. तोडफोड काही नाही. पडदे बदलले, कपाट फिरवलं आणि चारही भिंतींना पिस्ता रंगाचा डिस्टेंपर फासला. मी मेटगळ्ळीच्या कारखान्यात सुपरवायझर, म्हणजे कलेतलं मला सगळंच कळणार!

माझे सासरे कापड छापायचे. आमच्या लग्नानंतर त्यांनी लाकडी ठशांनी त्या खोलीच्या भिंतींवर वेलबुट्टीची किनार उमटवून दिली होती. ते वारल्यावर लेकीकडे त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. मला ते जुनाट वाटायचं.

बायको परतली आणि दारातच थबकली.

"अय्यो, अप्पांची किनार?"

"अगं, खोली आता कशी हॉटेलसारखी दिसते!"

"दिसते की. भाडं किती घेणार?"

पुढे पाहुण्यांना मी तो रंग कौतुकाने दाखवायचो, तेव्हा ती चहाला उठायची. शेवटच्या आजारपणात ती त्याच भिंतीकडे तोंड करून पडायची. मी रोज मनाशी ठरवून शेजारी बसायचो आणि विचारायचो, "पंखा वाढवू का?" म्हणायचं होतं ते एवढंच: अप्पांची किनार मी पुसली, माझं चुकलं.