आईच्या घागऱ्याचं चित्र

सेत्तिमियाच्या जिभेला गाव टरकून असे. तंबाखूच्या वखारीत तिच्या शेजारी बसून पानं निवडणाऱ्या बायका म्हणत, "हिच्या तोंडाच्या वाफेवरच तंबाखू वाळतो." पण रोमला जाऊन आल्यावर ती जी पेटली, ते प्रकरण निराळं.

तिचा धाकटा भाऊ नाझारेनो लढाईवर गेला, कैदेत सापडला आणि परतला तो चितारी होऊन. आधी त्यानं गावच्या टेकड्या रंगवल्या. मग रंग सोडलेच. रोमला खोली घेऊन तो फळ्यांवर डांबर, वाळू, फाटकी पोती चिकटवायला लागला.

"रंग काय महागले का रे?" सेत्तिमिया विचारी.

"ताई, मी पाहिलंय ते रंगात मावत नाही," तो म्हणे.

चिकटव बाबा, काय हवं ते चिकटव, असं म्हणून ती सोडून देई.

त्याचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा ठेवणीतला काळा कोट घालून, शेजारच्या एर्सिलियाला सोबत घेऊन ती गेली. पहिली दोन चित्रं बघून एर्सिलिया कुजबुजली, "आमच्या गोठ्याची भिंत बरी की!" सेत्तिमिया हसली. तिसऱ्या चित्रापाशी मात्र तिचं हसू विरलं. चौकटीवर मळकट गोणपाट ताणून डिंकानं चिकटवलेलं होतं. मधोमध जाळून पाडलेलं भोक. खालच्या कडेला निळ्या दोऱ्याची वाकडी शिवण.

ती शिवण तिच्याच हातची होती. जर्मन सैनिक गावात होते त्या हिवाळ्यात आईच्या अंगावर धड कपडा उरला नव्हता. सेत्तिमियानं पिठाच्या पोत्यांचा घागरा शिवून दिला. त्याच घागऱ्यात आई तापानं गेली. तो धुऊन तिनं पेटीत ठेवला होता. आणि नाताळात घरी आलेला नाझारेनो 'जुनं गोणपाट शोधतो' म्हणत पेटी उचकत होता, ते तिला आत्ता आठवलं.

शेजारी मोत्यांची माळ घातलेली एक बाई म्हणाली, "काय विलक्षण पोत आहे!"

"पोत नाही, पोतं आहे ते!" सेत्तिमिया कडाडली. "माझ्या आईचं!"

नाझारेनो धावत आला. "ताई, हळू. आई या गोणपाटात कुडकुडत मेली. लोकांनी ते बघायला नको?"

"ती कुडकुडत होती तेव्हा तू कुठं होतास?"

"आफ्रिकेत. तारेच्या कुंपणात."

"मग तुला काय ठाऊक रे? तिचे पाय मी चोळत होते! आणि तू तिला जाळलीस!"

तिनं गोणपाटाची कड धरून ओढली. डिंक चिवट होता. घागरा टर्रकन फाटला, अर्धा हातात आला, अर्धा चौकटीवर राहिला. दालनाचा मालक पोलिसांच्या नावानं ओरडू लागला.

"नका बोलावू," नाझारेनो शांतपणे म्हणाला. "तिचंच आहे."

त्या शांतपणानं तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं त्याच्या थोबाडीत दिली आणि ती निघून आली.

पुढच्या आठवड्यात एर्सिलियानं वखारीत वर्तमानपत्र वाचून दाखवलं. चित्राची फाटकी कड म्हणजे चित्रकाराचं सर्वांत मोठं धाडस, असं कुणा जाणकारानं लिहिलं होतं. बायका पोट धरून हसल्या. सेत्तिमियानं कागद हिसकावून चुलीत घातला.

उन्हाळ्यात नाझारेनो बसनं गावी आला. चौकटीवरचा अर्धा घागरा त्यानं गरम पाण्यानं सोडवून आणला होता.

"आणि भोक?" तिनं विचारलं.

"ते नाही बुजत, ताई."

तिनं आपला तुकडा घेतला, कुदळ त्याच्या हातात दिली आणि त्याला दफनभूमीत नेलं. "खण," आईच्या थडग्याशी ती म्हणाली. त्यानं खणलं. दोन्ही तुकडे मातीत गेले. नाझारेनो रडत होता. तिलाही भरून आलं, पण दात आवळून ती उभी राहिली.

"आता जा. माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही."

तिनं शब्द पाळला. पुढं गावानं चौकात त्याचा सत्कार केला, बँड वाजला. सेत्तिमिया वखारीत पानं निवडत बसली होती.

एर्सिलिया बोलवायला आली. "अगं, आज तरी ये. भाऊ आहे तुझा."

"म्हणूनच नाही येत," ती म्हणाली. "परका असता तर कधीच माफ केलं असतं."