तिच्या मायचं गाणं

ही गोष्ट मी इतकी वर्षं घरातही सांगितली नाही. लाखनीच्या टीव्हीच्या दुकानात एक अनोळखी विणकर नव्या टीव्हीवरचा लेकीचा कार्यक्रम साठवायची सोय विचारत होता. दुकानदाराने रेकॉर्डिंगचा वेगळा डबा दाखवला. दुपट्ट्याने पेनड्राइव्ह पुसत तो म्हणाला, "यात तिच्या मायचं गाणं हाये. माय गेली. दोघीचे आवाज एकाच जागी पाह्यजे."

मी शाळेत शिकवायचो, दुकानदार मला गुरुजीच म्हणायचा; मी मध्येच बोललो, "मंग डबा कायले घेता? हाच टीव्हीले लावा, यातच रेकॉर्ड होते."

लावताच पडद्यावर इंग्रजी सूचना आली.

"का लिवलं हाये, गुरुजी?"

"काही नाही," म्हणत मी बटण दाबलं.

"आता मायचं गाणं लावा नं."

पेनड्राइव्ह कोरा झाला होता. आधीचं सगळं पुसलं जाईल, असं त्या सूचनेत होतं. "टीव्हीच खराब दिसते," म्हणून दुकानाबाहेर पडलो.

'माफ करा दादा, मी ते वाचलंच नव्हतं,' एवढं सांगायचं राहिलं.